न पाहिलेली जागा

थोरल्या जाऊबाईंनी, म्हणजे आमच्या आक्कांनी, त्यांच्या आजाराविषयी लिहायला मला परवानगी दिली तेव्हा एकच अट घातली. आपले नाव कुठे येऊ नये, असे त्या सांगतील अशी माझी अपेक्षा होती, परंतु त्या म्हणाल्या, "लिहिणार असशील तर जागंचं नाव नीट लिही. पोटाचा कॅन्सर म्हणून लिहू नको." गेली तीन वर्षे कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या शेजाऱ्यांना, कागल-गडहिंग्लजकडच्या पाहुण्यांना आणि शाळेतल्या माझ्या जुन्या सहकाऱ्यांनाही आम्ही हा आजार पोटाचाच म्हणून सांगत आलो आहोत, आणि तसे सांगण्यात माझाच पुढाकार होता, हे त्या विसरलेल्या नाहीत.

आक्कांना झाला तो योनिमुखाचा कर्करोग. मी अठ्ठावीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, तरी या अवयवासाठी बायकांच्या रोजच्या बोलण्यात चालेल असा एक सरळ शब्द मला सुचवता येत नाही. आपण "खाली" म्हणतो, "जागेवर" म्हणतो, फार तर "लघवीच्या जागी" म्हणतो. बाकीचे शब्द आपण केवळ शिव्यांमध्ये ऐकलेले असतात. वैद्यकाच्या पुस्तकांत "भग" हा शब्द आहे. संस्कृतात त्याचा अर्थ ऐश्वर्य आणि भाग्य असाही होतो, "भगवान" हा शब्द त्यातूनच आलेला आहे, पण मराठीत तो उच्चारण्याची सोय राहिलेली नाही. म्हणून मी योनिमुख असे लिहिते. त्यात बाहेरच्या आणि आतल्या अशा दोन्ही पाकळ्या, वरच्या बाजूची शिश्निका, लघवीच्या वाटेचे तोंड आणि योनीचे तोंड एवढे सगळे येते. हा शरीराच्या बाहेरचा, डोळ्यांनी दिसणारा आणि बोटांना लागणारा भाग आहे, ही गोष्ट मी मुद्दाम सांगते, कारण आक्कांच्या बाबतीत सगळी चूक तिथेच झाली.

गर्भाशयमुखाचा कर्करोग हा निराळा. तो आत, पिशवीच्या तोंडाशी होतो, आणि आपल्याकडे शिबिरांत ज्याची तपासणी होते तो हाच. दोन्ही नावांत "मुख" आल्यामुळे गोंधळ होतो. पॅप तपासणी चांगली आली की "खालचे सगळे ठीक आहे" असा समज करून घेणाऱ्या सुशिक्षित बायका मी पाहिल्या आहेत. पॅप तपासणीत गर्भाशयमुखावरच्या पेशी घेतल्या जातात, योनिमुखाच्या त्वचेविषयी ती काहीच सांगत नाही. योनिमुखाचा कर्करोग त्यामानाने दुर्मीळ आहे. २०२० सालच्या जागतिक आकडेवारीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सहा लाखांहून अधिक नवे रुग्ण होते, तर याचे सुमारे ४५ हजार. दुर्मीळ असल्यामुळे तो साध्या डॉक्टरांच्या मनात चटकन येत नाही, हे मी समजू शकते. मात्र न पाहण्याचे समर्थन मला करता येत नाही.

आक्कांना खाज सुटली ती २०२० च्या पावसाळ्यात. तेव्हा त्यांचे वय एकसष्ट होते आणि पाळी जाऊन बारा वर्षे झाली होती. नदीपलीकडच्या शेतात भांगलणीला बायकांबरोबर त्या दिवसभर ओणव्या बसत, घामाने आणि ओल्या लुगड्याने खाज सुटली असेल असे त्यांनाही वाटले. कडुलिंबाचा पाला उकळून झाला, तुरटीचे पाणी झाले. मग त्या डॉक्टरांकडे गेल्या. आक्कांना थोडी साखर आहे, आणि साखर असलेल्या बाईला बुरशीमुळे खाज सुटणे अगदी सर्वसामान्य आहे, त्यामुळे डॉक्टरांचा पहिला अंदाज चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. त्यांनी मलम लिहून दिले. महिन्याभराने खाज परत आली, तेव्हा दुसरे मलम दिले, आणि त्यानंतर तिसरे. पुढे औषधाच्या दुकानातून "खाजेचे मलम" नुसते मागून घेतले जाऊ लागले. दोन वर्षांत पाच प्रकारची मलमे झाली, आणि या दोन वर्षांत आक्कांना एकदाही तपासणीच्या टेबलावर झोपवून कोणी ती जागा पाहिली नाही. डॉक्टर पुरुष होते म्हणून त्यांना संकोच, आक्का पेठेतल्या म्हणून त्यांना संकोच, आणि एकदा सोबत मी गेले होते तर मीही बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

दुकानात मिळणाऱ्या त्या मिश्र मलमांविषयी दोन शब्द लिहायला हवेत. त्यांत बुरशीचे औषध, जंतूंचे औषध आणि स्टेरॉइड असे सगळे एकत्र असते. स्टेरॉइडमुळे खाज दोन दिवसांत थांबते, त्यामुळे औषध लागू पडले असे वाटते. प्रत्यक्षात खाजेचे कारण काय हे तसेच राहते आणि वर लक्षणे झाकली जातात. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे, आणि तो कसा पाळला जातो हे आपण सर्व जाणतो.

खाजेबरोबर आक्कांच्या त्वचेचा रंगही बदलत गेला होता. उजव्या बाजूची पाकळी पांढरट पडली होती. हे त्यांनी कोणालाच सांगितले नाही, आणि त्याचे कारण त्यांनी मला शस्त्रक्रियेनंतर सांगितले: त्यांना ते कोड वाटले होते. घरात नात लग्नाची, आजीला कोड आहे असे बाहेर कळले तर स्थळे परत जातील, या भीतीपोटी त्यांनी स्वतःशीही ती गोष्ट झाकून ठेवली. वास्तविक कोडात त्वचेचा फक्त रंग जातो, पोत तसाच राहतो आणि सहसा खाज नसते. आक्कांना होता तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचाविकार. त्यात त्वचा पांढरी होते आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ व सुरकुतलेली होते, जरा खाजवले तरी फाटते, आतल्या पाकळ्या हळूहळू बाहेरच्यांना चिकटून दिसेनाशा होतात, योनीचे तोंड अरुंद होते, आणि पांढरेपणा कधी कधी गुदद्वाराभोवतीही जातो. रात्री खाज अधिक. हा विकार संसर्गजन्य नाही, त्याचा स्वच्छतेशी संबंध नाही आणि तो स्वतः कर्करोगही नाही. परंतु वर्षानुवर्षे उपचारांविना राहिला तर थोड्या स्त्रियांमध्ये, शंभरातल्या साधारण तीन ते पाच जणींमध्ये, त्याच त्वचेवर कर्करोग उद्भवतो.

मला सर्वांत जास्त चुटपुट लागते ती पुढच्या माहितीने. लायकेन स्क्लेरोससवरचा मुख्य उपचार म्हणजे तीव्र स्टेरॉइडचेच मलम, पण ते निदान झाल्यावर, ठरावीक मात्रेत, आधी रोज आणि नंतर आठवड्यातून दोन-तीनदा असे कायम लावायचे असते. ऑस्ट्रेलियातील ५०७ स्त्रियांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सांगितल्याप्रमाणे नियमित मलम लावणाऱ्या ३५७ जणींपैकी एकीलाही कर्करोग झाला नाही, आणि अधूनमधून लावणाऱ्या १५० जणींपैकी सात जणींना कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळली. स्टेरॉइड आक्कांच्या हाती दोन वर्षे होतेच. फक्त ते कशावर लावतो आहोत हे कोणी पाहिले नव्हते.

२०२२ च्या दिवाळीत त्यांना अभ्यंगस्नानाच्या वेळी हाताला गाठ लागली. हरभऱ्यापेक्षा मोठी, खरखरीत, वरून ओलसर. तिला कपडा घासला की रक्ताचा डाग पडे. पाळी बंद होऊन इतकी वर्षे झालेल्या बाईच्या कपड्यावर रक्त दिसले की ते कुठून आले हे शोधलेच पाहिजे, एवढे तरी मला ठाऊक होते. उजव्या जांघेतही एक गाठ होती. पायाला जखम झाली की अवधाण येते, हे आपल्याकडे पोरासोरांनाही माहीत असते, म्हणून आक्का पायाला काही लागले आहे का हे पाहत बसल्या. अवधाण म्हणजे सुजलेली लसिका ग्रंथी (लसिका म्हणजे शरीरभर वाहणारा पाण्यासारखा पातळ द्रव), आणि जांघेतल्या ग्रंथींकडे पायाप्रमाणेच योनिमुखाकडूनही लसिका येते. त्यामुळे या रोगात पेशी पहिल्यांदा पोहोचतात त्या बहुधा तिथेच.

राजारामपुरीतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे आम्ही गेलो. त्यांनी आक्कांना झोपवले, दिवा जवळ ओढला आणि पाहिले. त्याला फार तर एक मिनिट लागले असेल. मग त्यांनी शांतपणे सांगितले की तुकडा काढून तपासायला पाठवू. हा तुकडा, म्हणजे बायोप्सी, जागा बधिर करून चार मिलिमीटर रुंदीच्या गोल पात्याने काढतात, एखादा टाका घालावा लागतो, आणि दहा-पंधरा मिनिटांत रुग्ण उठून घरी जातो. घरी मात्र मोठा वाद झाला. "गाठीला सुई लावली की कॅन्सर पसरतो" असे आमच्या दिरांना कोणीतरी सांगितले होते. ही समजूत खोटी आहे. तुकडा तपासल्याशिवाय निदान होत नाही आणि निदानाशिवाय उपचार ठरत नाहीत. या वादात आमचे आठ दिवस गेले.

अहवालात स्क्वेमस पेशींचा, म्हणजे त्वचेच्या वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा, कर्करोग असे आले. योनिमुखाच्या कर्करोगांपैकी बहुसंख्य याच प्रकारचे असतात. थोडे मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचे असतात, म्हणून त्या जागी नवा काळा डाग आला किंवा जुन्या तिळाचा आकार बदलला तरीही दाखवावे. स्क्वेमस कर्करोग होण्याच्या वाटा दोन. एक, आक्कांसारखी, त्वचाविकारातून येणारी. ती बहुधा पाळी गेलेल्या स्त्रियांमध्ये दिसते. दुसरी ह्यूमन पॅपिलोमा विषाणूची, म्हणजे एचपीव्हीची, विशेषतः त्याच्या सोळाव्या प्रकाराची. ती त्यामानाने कमी वयात दिसते, आणि धूम्रपान किंवा एचआयव्हीसारख्या कारणांनी प्रतिकारशक्ती उणावली असेल तर तिचा धोका वाढतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी मुलींना जी लस देतात ती या दुसऱ्या वाटेलाही अडवते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लशीला २०२२ मध्ये परवानगी मिळाली आहे, आणि नऊ ते चौदा या वयात तिचे दोन डोस पुरतात.

या विषाणूविषयी आमच्या एका शिकलेल्या पाहुण्याने मोबाइलवर वाचून आक्कांच्या यजमानांकडे आणि मग आक्कांकडे ज्या नजरेने पाहिले, ते मी विसरणार नाही. आक्कांच्या तपासणीत विषाणूचा मागमूस नव्हता. तो असता तरी त्यात चारित्र्याचा प्रश्न येत नव्हता, कारण बहुसंख्य स्त्री-पुरुषांना आयुष्यात केव्हा तरी हा विषाणू होऊन जातो आणि शरीर त्याला बहुतेक वेळा आपणच घालवते.

डिसेंबरमध्ये रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने आम्ही मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात गेलो. राहण्याची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली. रोग योनिमुखापुरता असेल तर पहिली पायरी, लघवीची वाट, योनी किंवा गुदद्वार यांच्या खालच्या भागात शिरला असेल तर दुसरी, जांघेतल्या ग्रंथींत गेला असेल तर तिसरी आणि हाडाला चिकटला किंवा दूरच्या अवयवांत पोहोचला असेल तर चौथी, असे ढोबळ मानाने त्याचे टप्पे धरतात. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत आणि तिची खोली एक मिलिमीटरपर्यंत असेल तर जांघेला हात लावावाच लागत नाही. त्याहून खोल पण चार सेंटिमीटरच्या आतली एकच गाठ असेल आणि जांघ हाताला व स्कॅनमध्ये स्वच्छ असेल, तर किरणोत्सारी द्रव्य आणि निळा रंग टोचून लसिका सर्वांत आधी जिथे पोहोचते तेवढीच ग्रंथी काढून तपासता येते. ४०३ स्त्रियांवरचा या पद्धतीचा युरोपातील अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला, आणि ती ग्रंथी स्वच्छ असलेल्यांमध्ये नंतर जांघेत रोग परतण्याचे प्रमाण जेमतेम २.३ टक्के आढळले. त्याआधी विसाव्या शतकात कितीतरी दशके फुलपाखराच्या आकाराचा एकच मोठा छेद घेऊन योनिमुख आणि दोन्ही जांघांतल्या ग्रंथी सरसकट काढत असत. आता शक्य तेवढी त्वचा राखून गाठ भोवतालच्या निरोगी कडेसह काढतात, आणि जांघेचे छेद वेगळे घेतात.

आक्कांची जांघेतली गाठ आधीच हाताला लागत होती, त्यामुळे एकाच ग्रंथीची ही सोपी वाट त्यांना उरली नव्हती. जानेवारी २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली. दोन्ही जांघांतून मिळून सतरा ग्रंथी काढल्या, त्यांतल्या दोन उजव्या बाजूच्या ग्रंथींत रोग निघाला. तिसरी पायरी. दोन वर्षांपूर्वी कोणी पाहिले असते तर कदाचित नुसत्या मलमावर भागले असते. हे "कदाचित" माझ्या मनातून जात नाही.

त्यानंतरचे २८ किरणोपचार आणि दर आठवड्याला सिसप्लाटिन या कर्करोगावरच्या औषधाची सलाइन हे सर्व कोल्हापुरातच झाले, आणि त्याचा बराचसा खर्च महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागला. मार्च-एप्रिलच्या उन्हात जांघेची कातडी सोलून निघते तेव्हा काय होते, ते आक्कांनाच ठाऊक. लघवी करताना कोमट पाणी ओतत राहिले की आग कमी होते, एवढी एक युक्ती परिचारिकेने सांगितली, आणि तेवढ्यावर त्या तीन आठवडे तरल्या.

उपचार संपले की माणूस बरे झाले असे घरच्यांना वाटते, पण आक्कांचे खरे जगणे तिथून सुरू झाले. ग्रंथी काढल्या आणि वर किरण दिले की पायातून वर जाणाऱ्या लसिकेची वाट मोडते. सहा महिन्यांत उजवा पाय सुजू लागला. शेजारणींनी हत्तीरोग म्हणून घोषित केले. रोज सकाळी उठण्याआधी घट्ट पायमोजा चढवणे, झोपताना पाय उशीवर ठेवणे, फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे हलक्या हाताने मालिश करणे, आणि पायाला जराही ओरखडा येऊ न देणे, हे आता जन्माचे झाले आहे. साध्या जखमेतून जंतू शिरले तर पाय तापाने लाल होऊन रुग्णालय गाठावे लागते. नवी कोल्हापुरी चप्पल चावल्याशिवाय राहत नाही, म्हणून आक्कांनी साठ वर्षांची सवय सोडून मऊ सँडल घेतले आणि दारातल्या चपलांचा जोड नातीला दिला. भांगलण सुटली. पाटावर बसून जेवणे सुटले. लघवीची धार एका बाजूला फाकते, म्हणून प्रवासात सार्वजनिक स्वच्छतागृह त्यांना नकोसे वाटते, आणि लग्नाकार्याला जाण्याआधी त्या सकाळपासून पाणी कमी पितात, यावरून आमची भांडणे होतात.

किरणोपचारांमुळे योनी आकसते, आणि ती आकसू नये म्हणून वापरायची नळकांडी मिळतात, ही माहिती टाटातल्या समुपदेशक बाईंनी दिली. संसारातल्या त्या संबंधाविषयी आक्कांना विचारणाऱ्या त्या एकट्याच. आम्ही सर्व त्रेसष्ट वर्षांच्या बाईला काय विचारायचे, असे धरून चाललो होतो. आक्का त्या दिवशी त्यांच्याशी पाऊण तास बोलल्या. काय बोलल्या, ते मी विचारले नाही.

अमेरिकेतील नोंदींनुसार रोग योनिमुखापुरता असताना सापडला तर पाच वर्षांनंतर शंभरातल्या पंचाऐंशीच्या आसपास स्त्रिया हयात असतात. ग्रंथींपर्यंत गेला असेल तर निम्म्याच्या आसपास. आक्कांना हे आकडे ठाऊक आहेत. त्याच जागी रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाणही या कर्करोगात मोठे आहे, दहा वर्षांत शंभरातल्या सुमारे चाळीस जणींमध्ये, म्हणून तपासणी पाच वर्षांनी थांबवायची नसते. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी बोलावले, आता दर सहा महिन्यांनी जातो. मधल्या काळात आक्का महिन्यातून एकदा दार लावून, खिडकीशी उजेडात बसून, सासूबाईंच्या फणेरपेटीतला आरसा घेऊन स्वतः पाहतात: नवा पांढरा वा लाल चट्टा, जाड झालेली कडा, न भरणारी चीर, जांघेतली गाठ. रंग आणि पोत आधीसारखाच आहे ना, हे कळायला आधीचा माहीत असावा लागतो, आणि एकसष्ट वर्षे तो आपल्याला माहीत नव्हता असे त्या म्हणतात.

गेल्या महिन्यात त्यांनाच डाव्या बाजूला एक चट्टा दिसला. तुकडा काढला, घरात या वेळी वाद झाला नाही. सात दिवसांनी अहवाल आला, त्यात कर्करोग नव्हता, जुना लायकेनच थोडा उसळला होता. मलम पुन्हा रोज सुरू केले आहे. ३० ग्रॅमची एक नळी तीन महिने पुरली पाहिजे, लवकर संपली तर जास्त लावले जाते आहे आणि शिल्लक राहिली तर टाळाटाळ होते आहे, असे डॉक्टर बाईंनी सांगितले, म्हणून नळी उघडल्याची तारीख आक्कांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहून ठेवली आहे. त्याखाली पुढच्या तपासणीची तारीख आहे. आधी तिथे "पोट" असे लिहीत असत, आता नुसतेच "तपासणी" लिहिले आहे. अट मला घातली होती, स्वतःला घातली नव्हती, असे त्या म्हणाल्या.